विश्लेषण : दुखापतीनंतर रायफल कोणती? आधी जखम पाहा, मग बोअर!

खांद्याचे ऑपरेशन, मोडलेले कॉलरबोन, मानेतील सरकलेली गादी किंवा मनगटाचे फ्रॅक्चर… यातून सावरून रेंजवर परतणारा नेमबाज बहुधा पहिला प्रश्न एकच विचारतो : सर्वांत कमी धक्का देणारी बोअर कोणती? प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. रायफल खांद्याला फक्त धक्का देत नाही. ती हातावर वजन टाकते, मान वाकवते आणि कमरेला पीळ देते. धक्का एका अवयवाला बसतो आणि वजन दुसऱ्याच अवयवावर पडते. त्यामुळे शेजारच्या लेनमधील मित्राला मानवलेली रायफल आपल्यालाही मानवेल, असे नाही. लक्ष्यवेधी नेमबाजीत दुखापतीनंतर रायफल कशी निवडावी, हवेची रायफल हा खरेच ‘दुय्यम’ पर्याय आहे का आणि मोठ्या बोअरचा हट्ट कुठे सोडावा, याचा हा आढावा.

रायफलचा धक्का येतो कुठून?

शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे जसाच्या तसा लागू होतो. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते. यात नळीतून वेगाने बाहेर पडणाऱ्या जळत्या दारूच्या वायूचाही वाटा असतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून गोळीचे वजन, तिचा वेग आणि काडतुसातील दारू या तिन्ही गोष्टी वाढल्या की मागचा धक्का, म्हणजेच रिकॉइल, वाढतो.

चौथी गोष्ट उलट दिशेने काम करते, ती म्हणजे रायफलचे वजन. काडतूस तेच ठेवून रायफलचे वजन दुप्पट केले, तर तिचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो आणि धक्क्याची ऊर्जाही निम्मी होते. म्हणूनच एकाच बोअरची हलकी शिकारी रायफल खांदा दुखवते, तर जड स्पर्धात्मक रायफल नुसती ढकलल्यासारखी वाटते.

कोणत्या बोअरचा धक्का किती?

धक्क्याची ऊर्जा जूलमध्ये मोजता येते. रायफलचे वजन आणि काडतुसाचा प्रकार बदलला की आकडा बदलतो, त्यामुळे पुढील आकडे ढोबळ आहेत. तुलनेसाठी मात्र ते पुरेसे आहेत.

• १० मीटरची हवेची रायफल (४.५ मिमी, .१७७) : जवळपास शून्य. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जातो.

• ५० मीटरची .२२ लाँग रायफल (५.६ मिमी), साडेपाच किलोची रायफल : जूलचा दहावा हिस्साही नाही. गोळी २.६ ग्रॅमची आणि वेग ध्वनीपेक्षा किंचित कमी.

• .२२३, पाच किलोची रायफल : सुमारे ३ जूल.

• ६ मिमी बीआर, साडेपाच किलोची रायफल : ६ ते ७ जूल.

• .३०८, पाच किलोची रायफल : १५ ते १६ जूल.

• साडेतीन किलोच्या आतबाहेरची .३१५ : २० जूलच्या पुढे.

ट्रॅप-स्कीटची १२ बोअरची बंदूक २४ ग्रॅमच्या काडतुसालाही २० जूलच्या आसपास धक्का देते. म्हणजे खांदा दुखावलेला शॉटगन नेमबाज .३०८ कडे वळला, तर त्याची सुटका झाली असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहा. .२२ च्या ६० गोळ्यांच्या संपूर्ण सामन्यातील सगळे धक्के एकत्र केले, तरी ती बेरीज पाच जूलच्या आसपास भरते. .३०८ ची एकच गोळी त्याच्या तिप्पट ऊर्जा खांद्यावर टाकते. शरीर अशी सरळ बेरीज करत नाही, हे खरे. पण बरा होत असलेला स्नायूबंध रोज किती सोसणार आहे, याचा अंदाज त्यातून येतो. नेमबाजी हा आवर्तनांचा खेळ आहे. एक गोळी कोणीही सोसतो. प्रश्न आठवड्याच्या तीनशे-चारशे गोळ्यांचा असतो.

मग सर्वांत कमी धक्का तोच उत्तम पर्याय?

नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. धक्का कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रायफल जड करणे. पण ती जड रायफल कोणाला तरी उचलावी लागते. १० मीटर एअर रायफलची कमाल वजनमर्यादा साडेपाच किलो आहे. ५० मीटरच्या रायफली साधारण पाच ते सात किलोंच्या असतात. उभे राहून ६० गोळ्या झाडायच्या आणि प्रत्येक गोळीसाठी रायफल २०-२५ सेकंद धरायची, तर एका सामन्यात पाच किलोंचे ओझे २०-२५ मिनिटे तोलावे लागते. नेम जुळला नाही म्हणून खाली घेतलेल्या रायफलीचा हिशेब त्यात नाही.

.२२ आणि हवेच्या रायफलीत धक्का इतका नगण्य असतो की तिथे दुखापतीचा खरा शत्रू वजन आणि स्थिती हेच असतात. मोठ्या बोअरमध्ये हे चित्र उलटे होते. एवढे ध्यानात घेतले, तर निवडीचा निम्मा गोंधळ संपतो.

दुखापत कुठे आहे, त्यावर काय ठरते?

उजव्या खांद्यावरून नेम धरणारा नेमबाज गृहीत धरू. डावखुऱ्यांनी बाजू उलटी वाचावी.

उजवा खांदा किंवा कॉलरबोन : धक्का थेट इथेच बसतो, त्यामुळे बोअरचा प्रश्न इथे सर्वांत महत्त्वाचा. झोपून, म्हणजे प्रोन स्थितीत, धक्का अधिक जाणवतो, कारण उभ्या शरीराप्रमाणे झोपलेले शरीर मागे झुलत नाही. दस्त्याची मागची प्लेट कॉलरबोनवर न टेकता खांद्याच्या खोबणीत बसली पाहिजे. स्पर्धात्मक रायफलीत ही प्लेट वर-खाली आणि आडवी सरकवता येते. दुखापतीनंतर जुने माप तसेच ठेवणे चुकीचे, कारण खांद्याची हालचाल बदललेली असते. शिवाय गोळी भरण्यासाठी बोल्ट उजव्याच हाताने मागे-पुढे करावा लागतो. धक्का सोसवतो, पण बोल्ट ओढताना कळ येते, असेही घडते.

डावा खांदा, कोपर किंवा मनगट : इथे बोअर गौण आणि वजन मुख्य. उभ्या स्थितीत डावे कोपर कमरेला टेकवून हाडांवर वजन पेलले जाते. स्नायूंनी पेलायला लागले की दुखणे सुरू होते. झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना स्लिंगचा पट्टा दंडावर आणि हाताच्या पंजावर सतत ताण देतो. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हा ताण धक्क्यापेक्षा जास्त त्रास देतो. अशा नेमबाजाने हलकी एअर रायफल किंवा टेकू असलेला प्रकार निवडावा.

मान : झोपलेल्या स्थितीत डोके वर उचलून मागे झुकवावे लागते. मानेतील गादीचा त्रास असलेल्याला .२२ चा धक्का काहीच करत नाही, पण तासभर तशी मान धरणे बरेच काही करते. गालाचा आधार आणि साइट उंच करून घेणे हा पहिला इलाज. रायफल डोक्याकडे यावी, डोके रायफलीकडे जाऊ नये, हा प्रशिक्षकांचा जुना नियम इथे उपचारासारखा पाळावा. उभी किंवा टेबलावरची स्थिती बहुधा अधिक मानवते.

कंबर : उभ्या स्थितीतील मागे झुकलेला, पिळलेला कणा ही रायफल नेमबाजांची जुनी डोकेदुखी. इथेही बोअर बदलून फारसे काही साधत नाही. वजन आणि उभे राहण्याचा कालावधी कमी करावा लागतो.

डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया किंवा पेसमेकर : धक्क्याबाबतचा निर्णय इथे प्रशिक्षकाने नव्हे, संबंधित डॉक्टरांनीच द्यायचा असतो. पेसमेकर बहुधा डाव्या कॉलरबोनखाली बसवतात. त्यामुळे उजवा खांदा दुखतो म्हणून रायफल डावीकडे नेण्याचा विचार अशा व्यक्तीने परस्पर करू नये.

हवेची रायफल म्हणजे ‘मुलांची बंदूक’?

हा समज भारतात खोलवर रुजला आहे. तो नुकसानकारकही आहे. ऑलिम्पिकमध्ये आज रायफलच्या स्पर्धा दोनच अंतरांवर होतात : १० मीटरवर हवेची रायफल आणि ५० मीटरवर .२२. मोठ्या बोअरची ३०० मीटर स्पर्धा १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर वगळली गेली. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक जिंकले, ते .२२ वर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्याही .२२ वर. म्हणजे जगातील सर्वोच्च यशासाठी लागणारी मोठ्यात मोठी बोअर आजही .२२ च आहे. धक्का कमी म्हणून खेळ हलका, हे गणित मुळातच चूक आहे.

अवनी लेखरा यांचे उदाहरण याहून बोलके. २०१२ मधील कार अपघातात त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. पुढे त्या नेमबाजीकडे वळल्या. टोक्यो पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण आणि ५० मीटर .२२ मध्ये कांस्यपदक मिळवले. २०२४ मध्ये पॅरिसला १० मीटरचे सुवर्ण राखले. व्हीलचेअरवरून मिळवलेल्या या पदकांना कोणी ‘मुलांच्या बंदुकीची’ म्हणणार नाही.

हवेच्या रायफलींचेही दोन प्रकार आहेत आणि दुखापतग्रस्तासाठी त्यांतला फरक निर्णायक ठरतो. स्वस्त रायफली स्प्रिंगच्या असतात. त्यांतील जड पिस्टन आधी रायफल मागे ढकलतो आणि लगेच पुढे आपटतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक छऱ्यासाठी नळी मोडून स्प्रिंग दाबावी लागते. रोटेटर कफच्या शस्त्रक्रियेनंतर साठ वेळा नळी मोडणे हे साठ धक्क्यांपेक्षा घातक. ‘फक्त छऱ्याची बंदूक’ म्हणून घरच्या घरी अशी रायफल वापरणाऱ्यांचा खांदा पुन्हा धरतो, तो यामुळेच.

स्पर्धेच्या रायफलीत दाबलेल्या हवेचे नळकांडे असते. साधारण २०० बार दाबाची हवा एकदा भरली की कितीतरी छर्रे झाडता येतात. भरायला लागते ती एक छोटी कळ, एवढेच. फक्त नळकांडे हातपंपाने भरू नये, कारण तो पंप मारणे म्हणजे पुन्हा खांद्याचाच व्यायाम. क्लबच्या मोठ्या सिलिंडरवरून किंवा कॉम्प्रेसरवरून भरून घ्यावे. अशी रायफल महाग असते, काही लाखांत जाते. म्हणून घाईने विकत घेण्यापेक्षा काही महिने क्लबची वापरणे शहाणपणाचे.

.२२ कडे कधी परतावे?

धक्क्याच्या दृष्टीने .२२ आणि हवेची रायफल यांतील अंतर फार नाही. म्हणून डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टने खांद्यावर दाब देण्यास परवानगी दिली की .२२ वर परतायला हरकत नसते. काडतूस मात्र स्टँडर्ड वेगाचे, स्पर्धेचे घ्यावे. हाय व्हेलॉसिटी काडतुसाने नेमबाजीत काही मिळत नाही, आवाज आणि धक्का तेवढा वाढतो.

परतण्याचा क्रमही महत्त्वाचा. पहिला टप्पा रिकाम्या रायफलीचा, म्हणजे ड्राय फायरिंगचा. धक्का नाही, आवाज नाही, खर्च नाही. फक्त स्थिती आणि चाप. एअर रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते. .२२ मध्ये रिकाम्या चेंबरवर पिन आपटून नुकसान होऊ शकते, त्यामुळे ड्राय फायरिंगची पिन किंवा नकली काडतूस वापरावे. रायफल रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी, हे सांगायला नकोच. दुसरा टप्पा टेकूवरच्या नेमबाजीचा, तिसरा बसून किंवा झोपून आणि शेवटचा उभ्याने. गोळ्या दहा-वीसपासून सुरू करून वाढवाव्यात. झाडतानाच्या कळेपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा काय सांगतो, ते अधिक खरे. सूज किंवा कळ वाढली असेल, तर आदल्या दिवसाचा आकडा जास्त होता, असे समजावे.

दुखऱ्या खांद्याने घाई केली, तर आणखी एक अदृश्य नुकसान होते. धक्का येणार या भीतीने चाप दाबण्याआधीच शरीर आक्रसते आणि डोळा मिटतो. नेमबाज याला ‘फ्लिंच’ म्हणतात. स्नायू तीन महिन्यांत भरून येतो, पण ही सवय मोडायला वर्ष जाते. दुखापतीनंतर कमी धक्क्याची रायफल घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असायला हवे. ती खांदा वाचवते आणि नेमही वाचवते.

मोठी बोअर हवीच असेल तर?

लांब अंतराची आवड असणाऱ्यांना .२२ पुरत नाही, हे मान्य. तिथेही .३०८ हा एकमेव मार्ग नाही. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ८ मिमीपर्यंतची बोअर चालते. तरीही अव्वल नेमबाज वर्षानुवर्षे ६ मिमी बीआर वापरतात. कारण अचूकता तीच किंवा अधिक आणि धक्का .३०८ च्या निम्म्याहून कमी. जे धडधाकट विजेते धक्का टाळतात, त्यांचे अनुकरण दुखापत झालेल्याने न करण्याचे कारणच काय?

‘एफ-क्लास’ हा प्रकार इथे मार्गदर्शक आहे. कॅनडाचे ज्येष्ठ नेमबाज जॉर्ज फार्कुहारसन यांना वयामुळे पारंपरिक पद्धतीने नेम धरणे अवघड जाऊ लागले. त्यातून दुर्बीण आणि टेकू वापरून झोपून नेमबाजी करण्याचा हा प्रकार पुढे आला आणि त्यांच्या आडनावाचे आद्याक्षर त्याला मिळाले. त्यातील ‘एफटीआर’ गटात .३०८ किंवा .२२३ या दोनच बोअर चालतात आणि दुपायासह रायफलीची मर्यादा ८.२५ किलो आहे. ‘एफ-ओपन’ गटात ती १० किलो आहे. वजन जमिनीवर टेकते, हातावर येत नाही आणि जड रायफल धक्काही गिळते. वजन आणि धक्का या दोन्ही अडचणी एकाच वेळी सुटतात, असा हा विरळा मार्ग. जखमी खांद्याने .२२३ निवडली, तर .३०८ च्या तुलनेत धक्का पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो. वाऱ्यात थोडे गुण जातील, पण खांदा जाणार नाही.

नळीच्या टोकाला मझल ब्रेक लावून धक्का कमी होतो, हे खरे. पण वायू बाजूला आणि मागे फेकला गेल्याने आवाजाचा तडाखा वाढतो. डोक्याला मार लागलेल्यांनी तर त्यापासून दूरच राहावे. शिवाय आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत आणि एफ-क्लासमध्ये मझल ब्रेकला बंदी आहे. ज्यावर स्पर्धा खेळता येणार नाही, त्यावर सराव कशासाठी?

भारतात काही घरांत परवान्यावरची जुनी .३१५ असते. ‘आहेच घरात, तिच्यावरच सराव करू’ हा मोह टाळावा. हलकी रायफल आणि जड गोळी हा जोड दुखापतीनंतर सर्वांत वाईट.

भारतात कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ पर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या रायफलीसाठी शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीची ऊर्जा साडेसात जूलच्या आसपास असते, म्हणजे ती मर्यादेच्या बरीच आत. .२२ साठी शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना हवा. मान्यताप्राप्त क्लबच्या रायफलीवर क्लबच्या देखरेखीखाली सराव करणे हा नवशिक्यांसाठी आणि पुनरागमन करणाऱ्यांसाठी व्यवहार्य मार्ग. लष्करी वापराच्या बोअर नागरिकांसाठी ‘प्रतिबंधित’ गटात येतात. ३०० मीटरच्या रेंजही मोजक्याच आणि बव्हंशी लष्कर व सुरक्षा दलांच्या. त्यामुळे महाराष्ट्रातील सर्वसाधारण नेमबाजासाठी ‘.१७७ की .२२’ हाच खरा प्रश्न उरतो. दुखापतीच्या दृष्टीने पाहिले, तर कायद्याने अरुंद केलेली ही वाट सोयीचीच आहे.

खांदाच बदलला तर?

उजवा खांदा कायमचा निकामी झाला, तर डावीकडून नेम धरता येतो. पिस्तूल नेमबाजीतील हंगेरीच्या कारोली टाकाच यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले.

ही कथा प्रेरणादायी आहे, पण ती सल्ला म्हणून सरसकट वापरू नये. रायफलमध्ये फक्त हात बदलत नाही. डोळा, गाल, स्लिंग, बोल्टची बाजू, बूट आणि जॅकेट असे सगळेच बदलते. नेमाचा प्रबळ डोळा उजवा असेल, तर त्यावर पट्टी लावून डाव्याला तयार करावे लागते. खांदा सहा महिन्यांत बरा होणार असेल, तर हा खटाटोप अनाठायी. इजा कायमची असेल, तर मात्र जितक्या लवकर तितके बरे. तेव्हाही सुरुवात हवेच्या रायफलीनेच करावी.

क्रीडा संघटनांनी काय करायला हवे?

पॅरा नेमबाजीत नियम स्पष्ट आहेत. रायफलीचे वजन स्वतः पेलू शकणारे खेळाडू एसएच-१ गटात येतात, पेलू न शकणारे एसएच-२ मध्ये. एसएच-२ च्या खेळाडूंना रायफल ठेवायला स्टँड मिळतो. ‘वजन पेलता येत नाही, म्हणून खेळ संपला’ असे न म्हणता खेळाने स्वतःला बदलले. पण या गटांत येण्यासाठी कायमस्वरूपी अपंगत्व निकषांत बसावे लागते. ज्याचा खांदा साठ टक्केच वर जातो, ज्याच्या मानेत पट्टी आहे, जो आणखी वर्षभर उभ्याने पाच किलो धरू शकणार नाही, तो ना इकडचा ना तिकडचा. त्याच्यासमोर दोनच पर्याय उरतात : दुखणे लपवून खेळणे किंवा रायफल विकणे.

तिसरा पर्याय देणे अवघड नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत टेबलावरून, टेकूवर रायफल ठेवून खेळण्याचा बेंचरेस्ट गट .१७७ आणि .२२ मध्ये सुरू करता येईल. त्यासाठी नवी रेंज लागत नाही. त्याच लेनमध्ये एक भक्कम टेबल आणि वाळूची पिशवी पुरते. पुणे, मुंबई, कोल्हापूरसारख्या नेमबाजीची परंपरा असलेल्या शहरांतील क्लबांनी याची सुरुवात करायला हवी. ज्येष्ठांनाही त्याचा फायदा होईल. खेळाडूच्या नोंदवहीत गुणांबरोबर गोळ्यांची आणि दुखण्याची नोंद ठेवण्याची सवय प्रशिक्षकांनी लावली, तर कित्येक दुखापती वाढण्याआधीच कळतील.

तोपर्यंत नेमबाजाच्या हातात आहे ते एवढेच. रायफल निवडण्याआधी डॉक्टरांना नुसते ‘नेमबाजी करू का?’ असे विचारू नये. कोणत्या स्थितीत, किती वजन, किती वेळ आणि किती गोळ्या, हे कागदावर लिहून न्यावे. बहुतेक डॉक्टरांनी रायफल जवळून पाहिलेली नसते. ‘बंदूक’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मोठा धक्काच येतो आणि ते सरसकट नकार देतात. ५.५ किलो, शून्य धक्का, टेकूवर २० गोळ्या, असे सांगितले तर उत्तर बदलू शकते. योग्य प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून कोणाची रायफल कायमची कपाटात जाऊ नये.